मेडिकलची बिलं गोळा केली की जनावरांच्या अँटिबायोटिकचा हिशोब लागतो का?

निपाणीजवळच्या एका दूध संस्थेच्या सेक्रेटरींनी विचारलंय. त्यांच्याकडं वरून एक फॉर्म आलाय, सभासदांनी वर्षभरात जनावरांना किती अँटिबायोटिक दिलं ते भरून द्या, आणि आकडा 'मिलिग्रॅम पर किलो' मध्ये पाहिजे. सेक्रेटरींचं म्हणणं असं की जवळपास जनावरांच्या औषधाची चार-पाच दुकानं आहेत, त्यांच्याकडनं विक्रीचा आकडा घ्यायचा, जनावरांच्या संख्येनं भागायचा, झालं काम. गोठ्या-गोठ्यात जाऊन कशाला विचारत बसायचं, आणि विचारलं तरी खरं सांगणार कोण?

मी सव्वीस वर्षं चिकोडी-निपाणी-हुक्केरी या पट्ट्यात जनावरांची प्रॅक्टिस करतोय आणि अलीकडं दोन-तीन संस्थांचं सल्ल्याचं काम पण बघतो, त्यामुळं हा फॉर्म माझ्या ओळखीचा आहे. विक्रीचा आकडा घ्या, नक्की घ्या, फुकट जाणार नाही. खरं त्याला 'वापर' म्हणू नका. विक्री ही दुकानाच्या काउंटरवर संपते आणि वापर गोठ्यात सुईच्या टोकाला होतो, आणि या दोघांच्या मध्ये आपल्याकडं तर चक्क एक राज्याची हद्द आडवी पडलीय.

हद्दीचं आधी सांगतो कारण बाहेरच्या माणसाला ते पटकन कळत नाही. निपाणीचा माणूस कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की कागल, पुढं कोल्हापूर. मोटरसायकलवर जायचं आणि औषध घेऊन परत. अथणी-रायबागवाले मिरज-सांगलीला जातात, संकेश्वरचा माणूस गडहिंग्लजला आणि गडहिंग्लजचा संकेश्वरला, ज्याला जिथं उधारी मिळेल तिथं. आणि हे एकाच बाजूनं नाही, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्याची सगळी बाजारपेठच बेळगाव, त्यामुळं बेळगावच्या दुकानात विकलेली बाटली चंदगडच्या म्हशीला टोचलेली असते. आता औषध दुकानांचं लायसन आणि तपासणी हे राज्याचं काम, कर्नाटकचं खातं वेगळं, महाराष्ट्राचं एफडीए (अन्न व औषध प्रशासन) वेगळं. दोघांनी आपापल्या दुकानांची विक्री अगदी पैशापैशानं बरोबर मोजली तरी आपल्या तालुक्याचा आकडा चुकणारच. बाटली एका राज्यात विकली आणि म्हैस दुसऱ्या राज्यात. अख्ख्या देशाची बेरीज केली तर हे आपोआप मिटतं, तालुक्याची नाहीतर एका संस्थेची केली तर अजिबात मिटत नाही.

आता बादलीची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत, ज्यांची तयारी होती अशा थोड्या घरात मी रंगाची एकेक जुनी बादली ठेवायला सांगितली. जनावराला दिलेल्या कुठल्याही औषधाची रिकामी बाटली, ट्यूब, पुडी, काय असेल ते उकिरड्यावर टाकायचं नाही, बादलीत टाकायचं, बास, लिहायचं काही नाही. त्यातलं एक घर, चार एचएफ (होल्स्टिन फ्रिझियन) गाई आणि दोन म्हशी. दोन महिन्यांनी ओसरीवर बादली पालथी केली. ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या तीस मिलीच्या दोन बाटल्या, एकीच्या तळाला बोटभर औषध अजून होतं. सडात सोडायच्या ट्यूबा पाच. सेफ्ट्रायक्झोनच्या जनावरांच्या मोठ्या व्हायल दोन. आणि एक ग्रॅमच्या चार छोट्या व्हायल, त्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या तर जनावराच्या डोक्याचं चित्र कुठंच नाही. जनावरांच्या औषधावर ते चित्र आणि 'माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी' असा मजकूर असावा लागतो. म्हणजे या चार माणसांच्या मेडिकलमधनं आलेल्या.

मग बिलं काढा म्हटलं. घरात एकच बिल निघालं, दोन ट्यूबांचं. बाकीचं? मोठ्या व्हायल डॉक्टरांनी (तो डॉक्टर मीच, लपवून काय करू) पिशवीतनं काढून दिलेल्या, पैसे रोख, कागद नाही. एक ऑक्सीची बाटली रेतन करायला येणाऱ्या पोरानं दिलेली. तळाला औषध असलेली शेजारच्या घरची, त्यांचं अर्धं उरलं म्हणून इकडं आली. माणसांच्या व्हायल मेव्हण्यानं इचलकरंजीहून आणलेल्या, स्वस्त पडतात म्हणून. उरलेल्या तीन ट्यूबा कुठनं आल्या ते कुणालाच आठवेना, म्हातारी म्हणाली "असतील की गेल्या साली आणलेल्या." तर सेक्रेटरी साहेब, तुम्ही चार-पाच दुकानांची विक्री घेतली असती तर या बादलीतलं तुमच्या बेरजेत काय आलं असतं? त्या दोन ट्यूबा.

माणसांचं औषध जनावराला जाणं ही काय नवी गोष्ट नाही. गिधाडं मरायला लागली म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद झालं, खरं माणसांच्या मोठ्या मल्टीडोस बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, शेवटी 2015 मध्ये माणसांची सुईसुद्धा तीन मिलीच्या एकाच डोसात आणायला लागली. ते वेदनाशामक आहे, अँटिबायोटिक नव्हे, तरी रस्ता तोच. अशी विक्री कुठल्या खात्यात धरली जाणार? माणसांच्या. वापर जनावराचा, कागद माणसाचा.

आता मिलिग्रॅम पर किलोचं. घाबरण्यासारखं काही नाही, सातवीच्या पोराचं गणित आहे. वरती सगळ्या अँटिबायोटिकमधल्या मूळ औषधाचं वजन, खाली जनावरांचं वजन. बाटलीचं वजन नव्हे, आतल्या औषधाचं. ऑक्सीची लाँग ॲक्टिंग बाटली असेल तर एका मिलीत 200 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मिलीच्या बाटलीत 20 ग्रॅम. एन्रोफ्लॉक्सासिनची दहा टक्केवाली एका मिलीत 100 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मिलीत 10 ग्रॅम. पेनिसिलीनला थोडं थांबायचं, कारण ते युनिटमध्ये लिहिलेलं असतं, दहा लाख युनिट बेंझिलपेनिसिलीन म्हणजे साधारण 600 मिलिग्रॅम आणि दहा लाख प्रोकेन पेनिसिलीन म्हणजे साधारण एक ग्रॅम, हे दोन्ही एकाच व्हायलमध्ये मिसळलेलं असतं तेव्हा वेगवेगळं काढायचं. स्ट्रेप्टोसोबत असेल तर स्ट्रेप्टोचं वजन आणखी वेगळं. एका संस्थेत पोरानं युनिटलाच मिलिग्रॅम समजून बेरीज मारलेली, चारशे किलोच्या गाईत चार किलो औषध निघालं, मग सगळे हसले आणि पुन्हा बसले.

गणित कसं पडतं बघा, हा आकडा नुसता समजायला घेतलाय. शंभर म्हशी, एकीचं वजन 450 किलो धरलं तर 45,000 किलो. वर्षात सगळ्या मिळून 1,350 ग्रॅम औषध गेलं असेल तर 1,350 ला हजारानं गुणा, 13,50,000 मिलिग्रॅम, भागिले 45,000, आलं 30 मिलिग्रॅम पर किलो.

यात काय धरायचं नाही तेही सांगतो, कारण फॉर्मात लोक काहीपण भरतात. जंताचं औषध, गोचिडाचं औषध, कॅल्शियम, सलाईन, तापाची मेलॉक्सिकामची सुई, लस, थायलेरियाची (गोचीडतापाची) ती महागडी सुई, यातलं काहीच अँटिबायोटिक नाही. डोळ्यातला मलम आणि जखमेवरचा स्प्रे युरोपवाले पण त्यांच्या या हिशोबात घेत नव्हते, तुम्हीपण सोडून द्या.

जनावराच्या वजनात पण गंमत आहे. युरोपात हा हिशोब करताना दुभत्या गाईचं ठरलेलं वजन 425 किलो, मेंढीचं 75 किलो, कोंबडीचं एक किलो असं धरायचे, त्याला ते पीसीयू म्हणतात. आता आपल्या धनगराच्या दख्खनी मेंढीला 75 किलो धरलं तर काय होईल? ती तर पंचवीस-तीस किलोची. खालचा आकडा अडीच पट फुगला की वरचा वापर आपोआप कमी दिसणार. म्हणून आपल्याकडं आपलीच वजनं धरायची, आणि कुठली धरली ते कागदावर लिहून ठेवायचं, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा माणूस वेगळी धरणार आणि 'वापर कमी झाला' म्हणून हार घालून घेणार.

ह्याहून मोठा घोळ औषधाच्या वजनात आहे आणि तो डॉक्टर लोकांच्या पण ध्यानात येत नाही. चारशे किलोची गाय घ्या. ऑक्सी लाँग ॲक्टिंग किलोला 20 मिलिग्रॅम, म्हणजे एका सुईला 8,000 मिलिग्रॅम. तिलाच सेफ्टिओफर (हे तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन) दिलं तर किलोला एक-दोन मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 400 ते 800, तीन-चार दिवस दिलं तरी ऑक्सीच्या निम्म्याला पण जात नाही. आता समजा गावानं जुनं स्वस्त ऑक्सी सोडलं आणि सगळे सेफवर गेले. मिलिग्रॅम पर किलो धाडकन खाली येणार, फॉर्म वाचणारा साहेब खूश. आणि झालं काय? माणसाच्या आजारात डॉक्टर ज्या औषधांना जपून ठेवतात, ती तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स, ती आपण गोठ्यात ओतायला लागलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती सगळ्यात महत्त्वाच्या गटात आहेत, क्विनोलोन्स म्हणजे आपलं एन्रो पण त्यातच, कोलिस्टिन पण त्यातच. त्यामुळं एकच एकूण आकडा देऊन मोकळं व्हायचं नाही. निदान टेट्रासायक्लिन, पेनिसिलीन, सल्फा, सेफ, एन्रो हे गट वेगवेगळे दाखवा, आणि जमलं तर वजनाच्या जोडीला 'किती जनावरांना किती दिवस औषध चाललं' हे दिवस मोजा. मला स्वतःला दिवसांचा आकडा जास्त खरा वाटतो, आणि शेतकऱ्याला पण तोच कळतो. मिलिग्रॅम कुणाच्या बापाला दिसत नाही, खरं गाय किती दिवस औषधावर होती ते सगळ्यांना ठाऊक असतं.

बाहेरच्या देशात हे कसं उभं राहिलं ते थोडक्यात, कारण 'आपल्याकडं नाही, त्यांच्याकडं सगळं' असं रडगाणं मला आवडत नाही, त्यांनी पण विक्रीपासनंच सुरू केलं. युरोपात 2009 पासून देशोदेशीचे विक्रीचे आकडे गोळा करायला लागले, आणि 2011 ते 2022 मध्ये 25 देशांत मिळून विक्री 53 टक्क्यांनी उतरली. तरी त्यांना कळत नव्हतं की डुकराला किती आणि गाईला किती, कारण एकच बाटली दोघांना चालते, बाटलीवर चार जनावरांची नावं असतात. म्हणून जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात विक्रीसोबत प्रजातीवार वापर पण मोजायचं बंधन आलं, आधी गाय-डुक्कर-कोंबडी-टर्की, बाकीचे नंतर. डेन्मार्कनं ते बरंच आधी केलं, 2000 पासून त्यांची व्हेटस्टॅट म्हणून नोंद आहे, औषध कुठल्या फार्मला, कुठल्या वयाच्या जनावराला, सगळं चिठ्ठीबरोबर कॉम्प्युटरला. 2010 मध्ये जास्त वापरणाऱ्या डुक्कर फार्मवाल्यांना पिवळं कार्ड द्यायला लागले, फुटबॉलसारखं. आणि एक गोष्ट जी आमच्या धंद्याला झोंबणारी आहे, त्यांनी 1995 मध्येच डॉक्टरांचा औषध विकून होणारा नफा आवळला. आपल्याकडं डॉक्टरची फी शंभर दिली तर जास्त वाटते आणि त्याच्या पिशवीतली पाचशेची औषधं मुकाट घेतली जातात, मग डॉक्टर पिशवी जड ठेवणारच. मी पण ठेवली, वर्षानुवर्षं.

जागतिक पशुआरोग्य संघटना, आधीची ओआयई, 2015 पासून सगळ्या देशांकडनं दर वर्षी हे आकडे मागवते, 2022 पासून त्यांची ॲनिम्यूज नावाची ऑनलाइन यंत्रणा आहे. तिथं देशाचा एक आकडा जातो. तो आकडा कारखान्यातनं किती माल निघाला, आयात किती झाला असल्या वरच्या टोकाला मोजलेल्या गोष्टींवरनं काढता येतो. त्यात कुठला जिल्हा, कुठला गोठा असलं काही दिसत नाही आणि दिसायची गरज पण नाही, त्या कामासाठी तो नाहीच. तुमचा फॉर्म वेगळ्या कामाचा आहे, तुम्हाला गावात काय बदलायचं ते ठरवायचंय.

आपल्या देशातले नियम थोडे सांगतो, जे या फॉर्मशी जोडलेले आहेत तेवढेच. शेड्यूल एच-वन ही औषधांची यादी 2014 पासून लागू आहे, त्यातली औषधं विकताना दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरला डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहून तीन वर्षं ते ठेवायचं. सेफ्ट्रायक्झोन त्यात आहे, म्हणून तुम्हाला दुकानातनं एक तरी नीट आकडा मिळायला पाहिजे तो याचा. आपल्याकडं सगळ्यात जास्त खपणारं ऑक्सी आणि एन्रो मात्र त्या यादीत नाहीत. 19 जुलै 2019 ला कोलिस्टिन खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना, कोंबड्यांना, माशांना, खाद्यात, सगळीकडं बंद झालं. कोंबडीच्या खाद्याचं जुनं पोतं कुणाकडं पडलेलं असेल तर लेबल वाचा. आणि 2012 पासून जनावराच्या औषधावर दूध-अंडी-मांस किती दिवस वापरायचं नाही ते छापायचं बंधन आहे, छापलेलं नसेल तर दुधाला आणि अंड्याला कमीत कमी 7 दिवस, मांसाला 28 दिवस. माणसांच्या त्या चार व्हायलवर हे छापलेलं असायचा प्रश्नच नाही, म्हणजे गाईला टोचून तिसऱ्या दिवशी दूध कॅनात.

लोक मला म्हणतात दुधाची टेस्ट होतेच की, मग वापर मोजून काय करायचं? टेस्ट म्हणजे शेवटच्या टोकाचं गाळणं. एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) देशभर दुधाचा सर्व्हे केला, 6,432 नमुने, त्यातल्या 77 मध्ये अँटिबायोटिक मर्यादेच्या वर निघालं. चांगली गोष्ट आहे. खरं यावरनं वापर कमी आहे असं म्हणता येत नाही, जो सात दिवस दूध बाजूला ठेवतो त्याच्या गाईनं कितीही औषध खाल्लं तरी टेस्ट पास. आणि गोठ्यातले जंतू औषधाला सरावतात ते दुधातल्या थेंबानं नव्हे, जनावराच्या पोटातल्या आणि कासेतल्या औषधानं. तसं आपल्या बायकांना टेस्ट किट यायच्या आधीपासनं हे माहीत आहे. सुई मारलेल्या म्हशीच्या दुधाला विरजण लागत नाही, दही दह्यासारखं बसत नाही. बेळगावच्या कुंदावाल्या हलवायाला तर दूध आटवायचं, त्याला काही कळायचं कारण नाही, कळतं ते घरात ताक करणाऱ्या बाईला.

आता वापर मोजायचा कसा. फॉर्मबरोबर आलेलं ते आडवं रजिस्टर, बारा रकाने, ते गोठ्यात कोणी भरणार नाही, मी लिहून देतो. आणि लिहिणार कोण ते पण आधी ठरवा. संस्थेची मीटिंग पुरुष करतात, गोठ्यातलं सगळं घरातल्या बाईला माहीत. कुठल्या म्हशीचा कुठला सड दुखतोय, सुई कधी मारली, दूध कधीपासनं वासराला घातलं, मालकाला विचारलं तर तो आत बघून "अगं, सुई कधी मारलेली?" असं विचारतो. त्यामुळं वहिनींना नाहीतर सुनेला धरा. त्यांच्याकडं भिंतीला कॅलेंडर असतंच, दुधाचं लिटर त्यावर आधीच लिहिलेलं असतं. त्याच चौकोनात लाल पेनानं जनावराचं नाव आणि 'सुई' किंवा 'ट्यूब', एवढंच. आणि औषधाच्या खोक्याची ती नाव छापलेली बाजू कात्रीनं कापून कॅलेंडरच्या मागं एका पिशवीत. नाव वाचता आलं नाही तरी चालतंय, कानडीत असू दे, इंग्लिशमध्ये असू दे, खोक्याच्या तुकड्यावर नाव, ताकद, बॅच सगळं येतं. रिकाम्या बाटल्यांची बादली कोपऱ्यात. महिन्यातनं एकदा संस्थेचा पोरगा येतो, कॅलेंडरचा फोटो काढतो, बादली मोजतो, तुकडे मोजतो. तीन ठिकाणचं जुळलं तर सोन्याहून पिवळं, नाही जुळलं तर बादलीवर विश्वास ठेवा. एक ध्यानात ठेवा, अर्धी उरलेली बाटली अर्धीच धरायची, आणि फ्रीजमध्ये पडून एक्सपायर झालेली वापरात धरायचीच नाही, विक्रीत मात्र ती आलेली असते.

मग दुकानांचा आकडा कशाला? त्याच्यासमोर हा ठेवायला. दुकानांची विक्री बादलीपेक्षा फार जास्त निघाली तर समजा माल तुमच्या गावाबाहेर जातोय, नाहीतर कुणीतरी बादलीत टाकत नाहीय. बादली दुकानांपेक्षा जास्त निघाली तर माल हद्दीपलीकडनं नाहीतर डॉक्टरच्या पिशवीतनं येतोय. मला या दोन आकड्यांमधल्या फरकातनं जेवढं कळलं तेवढं एकेकट्या आकड्यातनं कधी कळलं नाही. डॉक्टर आणि रेतनवाल्या पोरांना पण सांगा, दिलेल्या औषधाची चिठ्ठी गोठ्यात सोडा, निदान मोबाईलवर पाठवा. पहिले दोन महिने कुरकुर करतील. मी पण केली होती.

कोंबडीवाले आणि धनगर यांना या पद्धतीत बसवू नका. करारावरच्या ब्रॉयलर शेडमध्ये पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, पाण्यातली पावडर पण कंपनीचा सुपरवायझर देतो, शेडमालकाला बऱ्याचदा पावडरीचं नावही ठाऊक नसतं. तिथं बॅचप्रमाणे हिशोब मागायचा, तो कंपनीकडं असतोच. आणि धनगर पावसाळ्यानंतर मेंढरं घेऊन निघाले की आज या गावात उद्या त्या, राज्य बदललं तरी त्यांना काही नाही, सुई स्वतःच मारतात, पाय लंगडायला लागला की ऑक्सी. त्यांच्या घोड्यावरच्या पिशवीत काय आहे ते एकदा निघताना आणि एकदा परतल्यावर मोजलं तरी पुष्कळ.

आकडा आल्यावर त्याच्याशी भांडायचं नाही, वाचायचं. 2022 मध्ये लंपी आली त्या वर्षीचा आकडा कुणाकडं असेल तर तो उंच असणारच. लंपी व्हायरस आहे, अँटिबायोटिकनं व्हायरस मरत नाही, खरं गाठी फुटून जखमा सडायला लागल्यावर आम्ही दिलंच, काही ठिकाणी गरजेनं आणि काही ठिकाणी मालक रडकुंडीला आला म्हणून. पावसाळ्यातला तिवा पण तसाच, तीन दिवसात गाय आपली आपण उठते, तरी सुईशिवाय मालकाला झोप येत नाही. सगळ्यात जास्त औषध मात्र कुठं जातं ते तुमच्या बादलीत ट्यूबा मोजल्या की दिसेल, दगडीत, म्हणजे कासेच्या सुजेत. आणि त्यावर औषध बदलून काही होत नाही, धार काढल्यावर सड औषधात बुडवणं, गोठ्यात कोरडी जागा, महिन्यातनं एकदा चारी सडांच्या दुधाची त्या पॅडलवाल्या ट्रेमध्ये टेस्ट, यानं होतं. सुरुवातीच्या सुजेला एनडीडीबीनं (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं) सांगितलेला कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅमचा लेप मी आधी हसण्यावारी नेला होता, आता लावायला सांगतो, डॉक्टर बोलवायला उशीर मात्र करायचा नाही.

एकच चूक करू नका. एका संस्थेनं, नाव नको, पहिल्याच महिन्यात जाहीर केलं की ज्याच्या वहीत औषध जास्त त्याचं दूध बंद. दुसऱ्या महिन्यात सगळ्या गावात एकही जनावर आजारी पडलं नाही. कॅलेंडर कोरी, बादल्या कोरड्या, आणि उकिरड्यावर बाटल्यांचा खच. आधीचं रजिस्टर करायला सहा महिने गेले होते, मोडायला एक बोर्डावरची नोटीस पुरली. दूध फेल गेलं तर त्या दुधाचं काय करायचं ते करा, वहीला हात लावू नका, ती दोन वेगळी कामं आहेत आणि दोन वेगळ्या माणसांकडं ठेवा.

फॉर्मची तारीख या महिन्याची असेल तर यंदा दुकानांच्या विक्रीवर भरून द्या आणि शेऱ्याच्या रकान्यात सरळ लिहा, 'हा विक्रीचा आकडा आहे, वापराचा नाही, महाराष्ट्रातून आणलेलं यात धरलेलं नाही.' कुणी रागावणार नाही. आणि बादल्या कर्नाटकी बेंदराच्या आधी वाटा, बैलं रंगवून झाली की पावसाचे आजार सुरू होतात, तेव्हा बादली गोठ्यात पाहिजे. पहिल्या महिन्याची मोजणी मला कळवा, पेनिसिलीनच्या युनिटला अडलात तर व्हायलच्या लेबलचा फोटो पाठवा, वजन काढून देतो.